आंबट पाणी आणि रुमालाखालची बोटं

२७ डिसेंबर

विजयमालेनं बाटली आणली आणि रेश्मानं वही काढली. विजयमाला माझी लेक, भिंगारला दिलेली. रेश्मा माझी सून. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलायचं आणि रेश्मानं लिहायचं, असं लेकीनं परस्पर ठरवून टाकलं. "आई, रोज काय फरक पडतो ते वहिनीला सांगत जा. महिन्यानं मी आमच्या ग्रुपात वाचून दाखवीन."

बाटलीत सफरचंद आंबवून केलेलं पाणी आहे. विजयमाला त्याला व्हिनेगर म्हणते. सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्यात दोन चमचे टाकून प्यायचं. साखर उतरते, वजन उतरतं, पोट साफ होतं, केस चमकतात, घशाची खवखव जाते. मी विचारलं, "सासू सुधरती का?" रेश्मा हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला.

तळाशी गढूळ जाळं बसलं आहे. मी म्हटलं, माल खराब आहे. तर लेक म्हणते, "त्या गाळाला इंग्रजीत आई म्हणत्यात. बाटली हलवून घ्यायची, म्हंजी आई वर येती."

"बरोबर हाय," मी म्हटलं. "आईला हलवल्याबिगर लेकीचं काम कुठं हुतंय."

पहिला घोट घेतला. कैरीची आणि रॉकेलची सोयरीक जुळवावी तशी चव. पण लेक समोर बसलेली. प्याले.

रेश्मा माझं बोलणं निवडून, पाखडून लिहिते. मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' करते. करू दे. दहावी शिकलेली आहे, तेवढा तिचा मान राखला पाहिजे.

३१ डिसेंबर

फरक लिहायचा म्हणून लिहिते. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. हंड्याला आतून पांढरं कवच धरलं होतं. वाळूनं घासलं, चिंचेनं घासलं, तरी हलत नव्हतं. रेश्मानं त्यात हे आंबट पाणी ओतून ठेवलं. दुपारी कवच पापुद्र्यानं सुटून आलं. हंड्यानं कात टाकली म्हणा.

माझ्या लेकाला, गोरखला, कांदा त्याच पाण्यात मुरवून दिला. तो टेम्पो चालवतो, धाब्यावर जेवून जीभ चटावलेली. एका बैठकीत ताटभर संपवला. रेश्मानं केसांना लावलं. ओट्यावरच्या मुंग्या गेल्या. या घरात बाटलीइतकं काम कुणी करत नाही, आणि तिला टोमणेही खावे लागत नाहीत.

साखरेची माझी गोळी दोन वेळची आहे. संध्याकाळची मी परवापासून बंद केली. एका नांगराला दोन जोड्या कशाला?

हे लिही, रेश्मा. लिहिलंस? मग असं तोंड का केलंस?

५ जानेवारी

थंडी फार. अंगणात शेकोटी केली होती. आमचे मालकही होते. मालक म्हणजे माझा नवरा. नाव मी घेत नाही, आणि घ्यायची गरजही नाही. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात 'हेडी' म्हटलं की आजही लोक आमच्या दाराकडं बोट करतात. म्हशीबैलांचे सौदे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. आता गुडघे गेलेत, तरी दर शुक्रवारी बाजारात लिंबाखाली जाऊन बसतात. कुणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर जास्त सांगायचं.

जाळ वाढला तसे सगळे मागं सरकले. मी बोलत होते, मी सरकले नाही. रेश्मा ओरडली, "आत्या, पाय!" आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. तिनं माझा पाय ओढला तेव्हा लुगड्याचा काठ करपला होता.

मला काही लागलं नाही. सकाळी उजव्या करंगळीपाशी फोड दिसला, बस. मी मालकांना म्हटलं, "तुमच्या बाजारच्या मातीनं घडवलेला पाय हाय. जाळालाबी दाद देत न्हाई." ते हसले.

९ जानेवारी

विजयमालेनं फोनवर सांगितलं की टाचेच्या भेगांना, पायाच्या वासाला हे पाणी लई चांगलं. टबात ओतून पाय बुडवून बसायचं. फोड फुटला होता, म्हटलं दोन्ही कामं होतील. तिनं पाण्यात मिसळ म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, औषधात हात कशाला आखडायचा. तिनं नव्या धाडलेल्या बाटल्यांतलं तसंच ओतलं.

टब भरताना रेश्माच्या बोटावर थेंब उडाला. कांदा चिरताना तिचं बोट जरासं कापलं होतं. बाई अशी किंचाळली की शेजारचं कुत्रं भुंकलं. डोळ्यांत पाणी. मी मात्र उघडी जखम घेऊन तासभर त्यात पाय ठेवून बसले, आणि मुंगी चावल्याइतकंही नाही. मी म्हटलं, "तुमी आताच्या बाया लोण्याच्या. आमी बाजरीच्या."

ती बोट तोंडात धरून माझ्या पायाकडं बघत राहिली.

१३ जानेवारी, भोगी

तीळ लावून भाकरी केली, भोगीची भाजी केली. जेवण झाल्यावर रेश्मा हळूच म्हणाली, "आत्या, नगरला दाखवून येऊ का? करंगळी काळी पडल्यासारखी दिसती."

मी तिला बायडाबाईची आठवण करून दिली. बायडाबाई माझी थोरली जाऊ. अंगठ्याला एवढंसं लागलं होतं. नगरला नेलं आणि गुडघ्याखालचा पाय तिथं ठेवून आणली. माजघरात बाजेवर पडून असायची. नसलेला पाय खाजतो म्हणायची आणि मला खाजवायला लावायची. मी चादरीवरून हवेत बोटं फिरवायची, तेव्हा तिला झोप लागायची. वर्ष काढलं नाही तिनं. तेव्हापासून मला ठाऊक आहे: दवाखान्याला बोट दिलं की पाय धरतात.

रेश्मा तरी थांबेना. "पण आत्या, त्या पाण्यानं जखम भरंना."

मग मी बोलले. जे बोलले ते तसंच लिही, पाखडू नको. मी बोलले, "माझ्या लेकीनं प्रेमानं आणलंय, ते तुला खुपतंय व्हय? तुझ्या माहेरचं काय आलं आजवर? दळणाची पिशवी, तीबी फाटकी."

लिहिलंस ना? बरं.

१६ जानेवारी

मालकांनी विचारलं, "घरात कसला वास येतोय?"

"तुमच्या लेकीच्या बाटलीचा," मी म्हटलं. त्यांना पटलं. मलाही तसंच वाटतं. ते पाणी आंबूस आहे, वास त्याचाच असणार. बोटावर कापूस ठेवून त्यावर गोरखचा जुना मोजा चढवला आहे. म्हातारपणी मोजे आले नशिबाला. मालक म्हणाले, "साहेबीण दिसायली."

दुपारी ते बाजेवर बसून टॉवेल झटकत होते, तेव्हा जुनी गोष्ट आठवली. बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि हेडी टॉवेल नाहीतर धोतराचा सोगा हातांवर टाकतात आणि आत बोटं धरतात. एक बोट, दोन बोटं, अख्खी मूठ, प्रत्येकाचा आकडा ठरलेला. बघणाऱ्याला नुसतं कापड हलताना दिसतं. मी नवी नवरी होते तेव्हा सासूसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. मालक बाजारातून आले की मी पाण्याचा तांब्या द्यायची आणि ते टॉवेलाआडून माझी बोटं दाबायचे. आज म्हैस गेली, आज काही नाही, आज तुला बांगड्या. सगळ्या घराआधी मला कळायचं. मला अक्षर आलं नाही, पण ही एक लिपी आली.

हे विजयमालेच्या ग्रुपात वाचायचं नाही.

२० जानेवारी

रात्रभर थंडी वाजली. पौष आहे, वाजायचीच. भाकरी नको वाटते. पाय मात्र अजिबात दुखत नाही, तेवढा फायदा लिही. सकाळची गोळीही आता घेत नाही. सगळा भरवसा एकाच देवावर ठेवावा.

रेश्मा आज लिहिताना सारखी थांबते. काय लिहिते आणि काय सोडते, मला वाचता येत असतं तर बघितलं असतं.

२३ जानेवारी, बाजारचा दिवस

आज मालकांचा डबा द्यायला रेश्मा स्वतः बाजारात गेली. एरवी गोरख नेतो. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी, लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी 'व्हय' आणि 'न्हाई' यापलीकडं न बोलणारी बाई, ती म्हशींच्या गर्दीतून डबा घेऊन कशाला गेली, मला कळलं नाही.

मी ओसरीवर टबात पाय घालून बसले होते. एवढ्यात मालक दारात, मागं रेश्मा. बाजार भरात असताना हा माणूस आजवर कधी घरी आला नव्हता. बाप वारला त्या शुक्रवारीसुद्धा सौदा पुरा करूनच आला होता. काठी भिंतीला लावली आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांचे गुडघे वाजलेले मी ऐकले.

"पाय भाइर काढ."

"का? गिऱ्हाईक आलंय व्हय?"

"व्हय. मीच हाय."

मी पाय बाहेर काढला. मोजा, कापूस आधीच काढलेला होता. त्यांनी पायाकडं पाहिलं आणि नजर वर केली नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या पायावर टाकला. "डोळं मीट. बोल, किती बोटं धरलीत?"

मला हसू आलं. इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याला खेळ सुचला. "तीन."

"नीट सांग."

"तीनच. मी काय नवी हाय का या धंद्यात?"

"उघड डोळं."

टॉवेल बाजूला केलेला होता. त्यांचे दोन्ही हात त्यांच्याच गुडघ्यांवर होते.

"लबाड हेडी," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा टॉवेल टाकला. "मीट. आता बोल."

आता फसायचं नाही असं मी ठरवलं. नीट वाट पाहिली. "आताबी हात न्हाई."

मी डोळे उघडले. टॉवेल जमिनीवर पडला होता आणि माझ्या पायाची पाचही बोटं त्यांच्या मुठीत होती. इतकी आवळलेली की त्यांची नखं पांढरी पडली होती. करंगळीखालून पाणी निघून त्यांच्या मनगटावर आलं होतं. मी माझ्याच पायाकडं असं बघितलं, जसं दावणीला बांधलेलं दुसऱ्याचं जनावर बघावं.

"दाबल्यावर पाय न उचलणारं जनावर मी जन्मात कुणाला घेऊ दिलं न्हाई," मालक म्हणाले. "आधी डॉक्टरला दाखवा म्हणायचो. आन् घरात…"

आणि त्यांनी गोरखला हाक मारली, "टेम्पो काढ, नगरला जायचंय."

"मी नगरला येणार न्हाई," मी म्हटलं. "बायडाबाईचं काय झालं ते इसरलात काय?"

"इसरलो न्हाई. तिला शिमग्यात लागलं हुतं. आपण पोळा झाल्यावर नेलं. पाय डॉक्टरनं न्हाई खाल्ला, चांगुणे. मधल्या दिसांनी खाल्ला."

मी कधी तसं मोजलं नव्हतं. बायडाबाईला नेलं एवढं आठवत होतं, कधी नेलं ते नाही.

नाव घेतलं त्यांनी माझं. सुनेसमोर.

गोरखनं टेम्पोत कडबा टाकून वर गोधडी अंथरली. रेश्मानं माझं डोकं मांडीवर घेतलं. हे सगळं मी नगरच्या दवाखान्यात आडवी पडून सांगते आहे. मालक बाहेर बाकावर बसलेत. टॉवेल त्यांनी खांद्यावर घेतलेला नाही, घडी करून मांडीवर ठेवला आहे.

२४ जानेवारी

डॉक्टरीण पोरगेलीशी आहे. तिनं मला डोळे मिटायला लावले आणि तारेसारख्या ताठ, बारक्या दोऱ्यानं पायाला ठिकठिकाणी टोचलं. "कळलं की सांगा, आजी." मी म्हटलं, "बाई, हा सौदा कालच झाला आमच्या घरी. गिऱ्हाईक परत गेलं." ती हसली नाही. दुसऱ्या पायालाही टोचलं. तिथं अंगठ्याला तेवढं कळलं.

साखरेनं पायाची जाण मेली, म्हणाली. जाण मेली म्हणून जाळ कळला नाही, आणि आंबट पाण्याची आगही कळली नाही. मी तिला वाटलं होतं तेच सांगितलं: आग होत नाही म्हणजे औषध सोसतंय. "तसं नसतं, आजी. आग व्हायला हवी होती."

काय लावलं, गोळ्या कधीपासून बंद, हे तिनं विचारलं. मी भिंतीकडं तोंड केलं. रेश्मानं सांगितलं, काही लपवलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, "ते व्हिनेगर कांद्यात घाला, भांडी घासा. साखरेला त्यानं फरक पडलाच तर किंचित, गोळीची जागा ते घेत नाही. आणि उघड्या जखमेवर तर कधीच नाही."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढायचं आहे. आत हाडापर्यंत गेलं आहे. पाय राहील असं वाटतं, म्हणाली. 'वाटतं' म्हणाली.

रेश्मा, आज एवढंच.

२८ जानेवारी

बोटं काढली. पाय आहे. चादर उचलून मी दोनदा पाहिला.

विजयमाला कालपासून येते आणि दारातच उभी राहते. आज मी बोलावलं. "आई, मीच…" म्हणाली आणि तोंडाला रुमाल लावला.

"तुझ्या बाटलीत खोट न्हाई," मी म्हटलं. "घरी जाऊन हंडा बघ, कसा चकाकतोय."

तिला जास्तच रडू आलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला जे म्हटलं नाही ते इथं सांगते. त्या पाण्यावर माझा इतका विश्वास का बसला? ते गोड बोलत होतं म्हणून नव्हे, ते तर आंबटढाण. ते मला कुठं नेत नव्हतं म्हणून. घरी बसून, पाय टबात घालून, लेकीचं मन राखून बरं होता येतं म्हटलं, तर कोण नगरला जाईल?

४ फेब्रुवारी

आज पट्टी बदलताना मी पाहिलं. मग पाहिलं नाही.

रेश्मा इथंच राहिली आहे, खाली चटईवर झोपते. आज तिला विचारलं, "बाजारात डबा घिऊन गेलीस तवा मामांना काय बोललीस?"

"काय न्हाई."

"सांग."

ती चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "म्हटलं, मामा, आत्यांचा पाय एकदा टॉवेलाखाली धरून बघा. बाकी काय बोलले न्हाई."

सगळा बाजार पालथा घातलेल्या हेड्याला जे कळलं नाही, माझ्या लेकीला कळलं नाही, मला कळलं नाही, ते हिला माझ्या शेजारी बसून वही लिहिताना कळलं होतं. दवाखाना म्हटलं तर मी ऐकणार नव्हते. म्हणून तिनं आमच्याच बाजारातला उपाय काढला.

मी म्हटलं, "भोगीला तुझ्या माहेराबद्दल जे बोलले ते खोड."

"ऱ्हाऊ द्या, आत्या."

"खोड म्हणते ना."

"तुमी पाखडू नको म्हणला हुता," ती म्हणाली. पदराआड हसली की काय, दिसलं नाही. पान तिनं उलटलं. खोडलं की नाही, मला काय कळणार?

८ फेब्रुवारी

घरी आले. ओसरीवर ऊन होतं, तिथं बाज टाकली आहे. टब कुठं दिसत नाही. बाटली आहे, न्हाणीच्या कोनाड्यात, हंड्यासाठी. सकाळ-संध्याकाळ गोळी रेश्मा हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. सासू सुधरती का, मी विचारलं होतं. होय, दोन बोटं घेऊन.

संध्याकाळी मालक बाजेच्या पायथ्याशी येऊन बसले. पट्टी सांभाळून माझ्या पायावर टॉवेल टाकला.

"मीट डोळं. किती?"

मी डोळे मिटले. ऊन पापण्यांवर लागत होतं. पायाकडून काहीच आलं नाही, वाराही नाही.

"तीन," मी म्हटलं.

"बरोबर. कसं कळलं?"

"तेवढीच राहिलीत."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. टॉवेल उचलला आणि वर सरकून माझ्या हातावर टाकला. आत त्यांचा हात आला. सुरकुतलेला, राठ, अंगठ्याला दाव्याचा जुना घट्टा, सगळं कळलं. मग त्यांनी बोटं धरली. हे मला लख्ख कळलं, किती धरली, कशी धरली, केवढ्या जोरानं.

रेश्मा विचारते, किती लिहू.

लिहू नको, बाई. रुमालाखालचा भाव तिसऱ्याला सांगत नसतात.

वही मीट. आणि जा, मामांना चहा टाक. माझ्यात साखर नको.